सड्यावरचं विमान

मंगळवार, ४ नोव्हेंबर. मुंबई

आज ऑफिसात अपघाताचा फोन आला आणि कुणाचाही चेहरा पडला नाही. असं पहिल्यांदाच झालं.

"शिकाऊ विमान आहे. घाट उतरल्यावर इंजिन बंद पडलं. आत एकटी मुलगी. तिनं ते देवरूखजवळ सड्यावर, कातळाच्या माळावर उतरवलंय. मनगट मोडलं, बाकी ठणठणीत." काशीराम सरांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, "राही, तुम्ही देवरूखच्या ना? बॅग भरा."

मी देवरूखची हे त्यांना माहीत असेल असं वाटलं नव्हतं. अपघात तपासाच्या या खात्यात येऊन मला सात महिने झाले. तेवढ्या काळात सर माझ्याशी जे बोलले त्यातलं निम्मं 'हं' होतं. मी अजून प्रोबेशनवर आहे. मला कायम करायचं की परत हँगरमध्ये पाठवायचं, याचा अहवाल तेच देणार. आणि आता या अपघातावर आम्ही दोघंच.

हँगरमध्ये आठ वर्षं विमानं दुरुस्त केली. तिथे पार्ट बदलला की विषय संपतो. माझा संपायचा नाही. बाकीचे घरी जायचे आणि मी तो तुटका पार्ट हातात घेऊन बसायचे, हा तुटलाच का म्हणून. शेवटी एकजण वैतागून म्हणाला, "तू तपासातच जा बाई." गेले. सात महिने दुसऱ्यांनी काढलेले फोटो बघितले आणि फायली लावल्या. उद्या पहिल्यांदा खरं विमान.

भीती वाटतेय का? हो. आणि लाज वाटावी इतका आनंदही होतोय.

बुधवार, ५ नोव्हेंबर. देवरूख

सड्यावरचं गवत वाळून पिवळं पडलंय, मधून मधून कातळ उघडा. त्यात ते पांढरं विमान नाक टेकून उभं, पाणी प्यायला वाकलेल्या वासरासारखं. पुढचं चाक मोडलंय. पोलिसांनी भोवती दोरी बांधली होती. आणि पंख्याला झेंडूचा हार. इंजिनावर हळदकुंकू. पुढे फोडलेला नारळ.

"हे कुणी केलं?" मी जवळजवळ ओरडलेच.

पोलीस पाटील विठूकाका पुढे आले. त्यांना वाटलं मी कौतुकानं विचारतेय. "गावानं, म्याडम. आभाळातनं आलंन, गुरांच्या मधी बसलंन, पण एका वासराला खरचटलं नाय. ओवाळायला नको?"

काय बोलणार? मी नोंद केली: 'इंजिनावर लाल डाग: कुंकू.' सरांनी ती वाचली. "तेलाचा डाग नाही हे लिहून ठेवलंत. बरं केलंत." टोमणाच असणार.

मग विठूकाकांनी सरांना प्लॅस्टिकची खुर्ची दिली. सर करवंदीच्या जाळीशेजारी गुडघे चोळत बसले आणि म्हणाले, "करा सुरू."

"मी? आधी काय बघू, सर?"

"जे दिसेल ते. जे दिसावंसं वाटतं ते नको."

दिवसभर ते तिथेच बसले. उकडलेल्या शेंगा खाल्ल्या, गावातल्या म्हाताऱ्यांशी भातकापणीच्या गप्पा मारल्या. एकदाही उठून आले नाहीत. माझ्या पहिल्याच विमानाला हात लावायची त्यांची इच्छाही नाही! माझी चूक होण्याची वाट बघत असावेत.

जे दिसलं ते असं. पंख्याचं एकच पातं वाकलंय. इंजिन चालू असतं तर दोन्ही मुडपली असती, म्हणजे टेकताना ते बंद होतं. मुलगी खरं बोलतेय. दोन्ही टाक्यांत अर्ध्याहून जास्त इंधन आहे, स्वच्छ, पाणी नाही. पण इंजिनाच्या तोंडाशी, कार्ब्युरेटरच्या वाटीत, थेंब नाही. टाकी भरलेली आणि इंजिन तहानलेलं.

आणि केबिनमधला इंधन चालू-बंद करायचा कॉक बंद होता. हे मला बघायचं नव्हतं. पण लिहिलंय.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

आज रत्नागिरीच्या इस्पितळात गेलो. मुलीचं नाव महरीन. वीस वर्षांची, बुरोंडीची. हाताला प्लॅस्टर आणि डोळे असे की मी आता उठते नि परत उडते. वडील आखातात जहाजावर असतात. शेजारी आई नसीमा, मांडीवर झाकलेला डबा घेऊन.

महरीन सांगत होती, "आधी इंजिन खोकलं. मग एकदम शांत. इतकी शांतता मी विमानात कधी ऐकलीच नव्हती, मॅडम. खाली सगळं जंगल नि दरी. मग हा सडा दिसला, भाकरीसारखा सपाट. नाक तिकडे वळवलं. जवळ आले तर मधोमध गुरं! आणि मी, अल्ला शप्पथ, हॉर्न शोधला."

"विमानाला हॉर्न?"

"शोधला मी! मग खिडकीतून बोंबलले. गुरं पळाली."

मला हसू आवरेना. सरसुद्धा खिडकीबाहेर बघत खोकले.

मग मी कॉकचं विचारलं. ती लगेच म्हणाली, "मी बंद केला, टेकायच्या आधी. आग लागू नये म्हणून तसंच शिकवलंय."

"कुणी पाहिलं?"

"एकटीच होते ना," ती म्हणाली. आणि मग तिचा आवाज पहिल्यांदा बारीक झाला. "मॅडम, मला उडू देतील ना परत?"

मी तोंड उघडणार तोच सरांनी घसा खाकरला. मी तोंड मिटलं.

नसीमाभाभींनी डबा पुढे केला. "बाय, सकाळी तळलेली सुरमई हाय. खा. माज्या पोरीनं गुरं वाचवलान, तुमी तिला वाचवा." डबा घेता येणार नाही हे सांगताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सर म्हणाले, "भाभी, तपास चालू आहे तोवर आम्ही फक्त पाणी पितो." आणि दोन ग्लास प्यायले.

गाडीत त्यांनी विचारलं, "आवडली का मुलगी?"

"हो, सर."

"मग आता तिच्यावर दुप्पट शंका घ्या."

दगड आहे हा माणूस.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

घाटावरच्या ज्या उड्डाण शाळेचं हे विमान, तिथले मुख्य प्रशिक्षक आले. अजिंक्य नाव. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण ते आल्या आल्या म्हणाले, "पोरगी जगली, बाकी काहीही चालेल." मग कॉक बघितला. त्यांचं म्हणणं सरळ आहे. टाकीत इंधन होतं, कॉक बंद होता, म्हणजे नकाशा उचलताना वगैरे तिचा हात लागून तो हवेतच बंद झाला असणार. असं सिद्ध झालं तर शाळा तिला पुढे शिकवणार नाही. "दुसऱ्या वेळी सडा मिळेलच असं नाही," असं ते म्हणाले.

त्यांचं बरोबर असलं तर? ती मला आवडली म्हणून मी दुसरं काही शोधतेय का?

शनिवार, ८ नोव्हेंबर

घरी राहतेय म्हणून आईची बोलणी आयती मिळतात. "काय गो राही, आता स्थळांना काय सांगायचं? आमची मुलगी अपघात झाला की जाते? अभद्र मेलं." म्हणून ती लोकांना सांगते, राही विमानात असते. आळीत सगळ्यांना वाटतं मी हवाईसुंदरी आहे. तेलकट हातांची.

पण मी जेवायला बसले की सुरू. तो कॉक कुठे असतो? हात लागून फिरेल का? की मुद्दाम फिरवावा लागतो? आज तर गॅसच्या शेगडीचं बटण फिरवून दाखवत होती, "असं की असं?" माझं डोकं आधीच फिरलेलं. म्हटलं, "आई, तुला आवडत नाही ना माझं काम, मग कशाला छळतेस?" तिनं ताटात आणखी एक घावन वाढलं.

पण कॉक मी सकाळी जाऊन पुन्हा तपासला. घट्ट आहे. धक्का लागून सहज फिरणारा नाही. पण फिरणारच नाही असंही नाही.

रविवार, ९ नोव्हेंबर

सापडलं!!

नाही, नीट लिहिते. टाकीतलं इंधन कमी होतं तशी वरून हवा आत यावी लागते. नाहीतर प्लॅस्टिकच्या बाटलीला तोंड लावून सरबत ओढल्यासारखं होतं. थोडं येतं, मग बाटली चेपते आणि थेंब येत नाही. हवेसाठी या विमानाच्या डाव्या पंखाखाली एकच नळी आहे, करंगळीएवढी. बाहेरून बघितली तर मोकळी दिसते. आज तिला रबराची नळी लावून फुंकलं. हवा जाईना. पुन्हा फुंकलं. माझेच गाल फुगले. आत कॅमेऱ्याची तार घातली तर वळणापलीकडे मातीचं बूच. कुंभारमाशीचं घरटं!

मी सड्यावर अक्षरशः नाचले. विठूकाकांना वाटलं मला काहीतरी चावलं.

अजिंक्य सरांनी कॅमेऱ्यात बराच वेळ बघितलं. मग हळूच म्हणाले, "राही मॅडम, विमान इथे पाच दिवस उघड्यावर आहे. त्या माश्या बघा, पंखाखालीच फिरतायत. एका दिवसात घर बांधतात. हे इथे आल्यावर बांधलं नसेल कशावरून?"

कशावरूनच नाही. खरंच माश्या फिरत होत्या.

मी काशीराम सरांकडे बघितलं. त्यांना काहीतरी सुचलं होतं, त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. पण ते शेंग सोलत राहिले. "उद्या नळी कापून काढा," एवढंच म्हणाले. माझ्याजागी दुसरं कुणी असतं तर त्यांनी सांगितलं असतं.

सोमवार, १० नोव्हेंबर

आजचा दिवस मी म्हातारी झाले तरी विसरणार नाही.

सकाळी सड्यावर सगळे जमले. अजिंक्य सर, विठूकाका, त्यांची बायको हौसाकाकी आणि निम्मं गाव. मी नळीचा तुकडा कापला, पांढऱ्या कापडावर धरला आणि हळूच ठोकला. घरटं अख्खं बाहेर पडलं, मधे थोडं भेगाळलेलं.

कालपर्यंत ते मी फक्त कॅमेऱ्याच्या दिव्यात पाहिलं होतं. उन्हात ते काळं होतं. काळंभोर.

मी नुसती बघत राहिले. मग माझ्या बुटांकडे बघितलं. लाल. पॅन्टचे गुडघे लाल. सरांच्या खुर्चीचे पाय लाल. या सड्यावर, या गावात, माझ्या अख्ख्या लहानपणात एक इंच काळी माती नाही. माशी हाकेच्या अंतरावरून चिखल आणते, घाट चढून जात नाही.

"अजिंक्य सर," मी म्हटलं, "तुमच्या धावपट्टीकडे कसली माती आहे?"

ते खाली बसले. घरट्याचा कण बोटावर घेतला, अंगठ्यानं चोळला. मग म्हणाले, "कापसाची काळी. दिवाळीच्या सुट्टीत विमान बाहेर उभं होतं, शेताच्या कडेला. सुट्टीनंतरचं हे पहिलं उड्डाण." हात झटकत म्हणाले, "पुढची, वेग मोजायची नळी आम्ही रोज झाकतो. ही कधीच नाही. उड्डाणाआधी फक्त तोंडाशी बघायला शिकवतो. मीच शिकवतो."

त्यांनी तिथूनच शाळेत फोन लावला. "सगळी विमानं उतरवा. एकही वर जाऊ देऊ नका. हो, आत्ता."

हौसाकाकीनं शेजारणीला विचारलं, "काय झाला गो?" ती म्हणाली, "पोर सुटली." मी म्हटलं, अजून तसं नाही, प्रयोगशाळेत माती जायची आहे, अहवाल व्हायचा आहे. पण त्यांनी ऐकलं नाही. आणखी एक नारळ फुटला. या वेळी मी विमानापासून लांब फोडायला लावला, तपासाचे नियम म्हणून. खोबरं मात्र खाल्लं. सरांनीही खाल्लं.

परतताना गाडीत ते ड्रायव्हरला म्हणाले, "सावकाश घे रे. आज घाई नाही." माझ्याशी काहीच नाही. एक 'हं'सुद्धा नाही. फक्त वाटेत गाडी थांबवून माझ्यासाठी चहा आणायला स्वतः उतरले, दुखऱ्या गुडघ्यांनी. ड्रायव्हर बसलेला असताना! विचित्रच.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

अजिंक्य सरांचा फोन. शाळेच्या बाकीच्या विमानांच्या नळ्या फुंकून बघितल्या. आणखी दोन विमानांत काळी माती निघाली. एकात घरटं जवळपास पूर्ण. ते विमान मंगळवारी घाटावरून जाणार होतं, शिकाऊ मुलगा आणि त्याचे शिक्षक.

फोन ठेवून मी पडवीत बसले. मग रडू आलं, मग हसू. आई पीठ मळता मळता बाहेर आली. तिला सगळं सांगितलं.

"म्हंजे ती दोघं आता घरी जेवत असतील," ती म्हणाली.

"हो."

"त्यांना कळणार पण नाय कधी."

"अजिंक्य सरांनी सांगितलं तर कळेल."

ती आत गेली. थोड्या वेळानं परसातून तिचा आवाज आला. कुंपणापलीकडच्या मैनामावशीला सांगत होती, "हवाईसुंदरी कसली गो? ते काय, कुणीपण करील." पुढचं ऐकू आलं नाही. मिक्सर लागला.

मंगळवार, २ डिसेंबर. मुंबई

प्रयोगशाळेचं उत्तर आलं. माती घाटावरची, त्यांच्याच धावपट्टीच्या नमुन्याशी जुळते. प्राथमिक अहवालाचा मसुदा सरांनी मलाच लिहायला लावला. स्वतः खिडकीशी पेपर वाचत बसले.

मी लिहिलं, 'विद्यार्थिनी पूर्णपणे निर्दोष आहे.' त्यांनी लाल रेघ मारली.

"का सर? आहेच ती."

"आपण कोर्ट नाही. दोषी नाही ठरवत आणि निर्दोषही नाही. काय झालं आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं, एवढंच आपलं काम. कॉक तिनं केव्हा बंद केला?"

"टेकायच्या आधी."

"हे ती म्हणते. तुम्हाला काय माहीत आहे?"

मी दातओठ खाल्ले. शेवटी लिहिलं, 'कॉक नेमका केव्हा बंद झाला हे निश्चित सांगता येत नाही. हवेची नळी बंद झाल्यानं इंजिनाला इंधन न मिळणं हे संभाव्य कारण.' वाचलं तर लक्षात आलं, हे माझ्या वाक्यापेक्षा भक्कम आहे. याला कुणी धक्का देऊ शकत नाही.

खाली तपास अधिकारी म्हणून सरांचं नाव टाकलं. त्यांनी पेन काढून त्याच्या वर माझं लिहिलं. म्हणाले, वर्णमालेप्रमाणे लावतात. 'रा' हे 'का'च्या आधी कधीपासून यायला लागलं? सर खरंच थकलेत. मार्चमध्ये निवृत्त होतायत म्हणे, कालच कुणीतरी बोललं.

शुक्रवार, १२ डिसेंबर

सर दोन दिवस दिल्लीला होते, वरिष्ठांकडे. आज आले, माझ्या टेबलापाशी थांबले, माझ्या पायांकडे बघितलं आणि म्हणाले, "चांगले बूट घ्या. हे टिकणार नाहीत."

बस. दिवसभर तेच डोक्यात. बुटांवरून बोलायची वेळ आली म्हणजे कामाबद्दल बोलण्यासारखं काही नसणार. आईला फोन करून सांगितलं, बहुतेक मी परत हँगरमध्ये जाणार. ती मोठ्यानं हसली. म्हणाली, "बूट घे गो वेडे."

सोमवार, १५ डिसेंबर

कायम!!!

सर म्हणाले, "अभिनंदन. बूट घेतलेत का?" आणि हसले. त्यांना हसताना मी आज पहिल्यांदा पाहिलं. पुढचे दोन दात किंचित पुढे आहेत. छान दिसतात.

रविवार, २२ फेब्रुवारी. रत्नागिरी

अंतिम अहवाल मागच्या आठवड्यात निघाला. शिफारस अशी की यापुढे ती नळी झाकायची आणि उड्डाणाआधी फुंकूनही बघायची. शाळेनं ते नोव्हेंबरातच सुरू केलंय. महरीनचं मनगट बरं झालं, तिनं अजिंक्य सरांबरोबर पुन्हा उड्डाणं केली, आणि आज ती एकटी, त्याच वाटेनं, रत्नागिरीला येणार होती. मी सुट्टी काढली. आईनं बळंच यायचं म्हटलं. विमानतळाच्या कुंपणाबाहेर नसीमाभाभी आधीच उभ्या होत्या, बहिणी, भाच्या, दोन रिक्षा भरून.

भाभी विमानाकडे पाठ करून उभ्या. "माज्याच्यानं बघवत नाय, बाय. तू बघ नि मला सांग."

आधी नुसता आवाज आला. मग डोंगराच्या बाजूनं एक पांढरा ठिपका.

"आली," मी म्हटलं.

"इंजिनाचा आवाज बरा हाय?" हे माझ्या आईनं विचारलं.

"छान आहे. आता वळली. आता खाली येतेय. वारा आडवा आहे, पंख थोडा कलता धरलाय तिनं, बरोबर केलं."

भाभींनी आईचा हात धरला होता. दोघी ओळखीच्या होऊन अर्धा तासही झाला नव्हता.

"आता चाकं टेकणार. एक टेकलं. दुसरं. नाक वर धरलंय. आता पुढचं."

"उतरली?"

"उतरली, भाभी."

त्यांनी वळून बघितलं. विमान धावपट्टीवर सावकाश चाललं होतं, बाजाराला निघालेल्या माणसासारखं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळ्या बायका एकदम बोलायला लागल्या. भाभींनी पिशवीतून डबा काढला आणि माझ्यासमोर धरला. "आता तपास संपला ना?"

"संपला."

सुरमई होती. कुंपणाला टेकून, उभ्यानंच, मी आणि आईनं मिळून डबा चाटूनपुसून संपवला. आई मासे तळण्यावरून भाभींशी वाद घालत होती. पलीकडे महरीन विमानातून उतरली, आधी डाव्या पंखाखाली वाकली, नळी बघितली, आणि मग आमच्याकडे बघून हात हलवला.

आज रत्नागिरीत एक विमान उतरलं. तपासण्यासारखं काहीही झालं नाही.